पिकअपचे हवेचे झाकण

अर्जुनी मोरगाव, १२ एप्रिल २००३

चि. धनवंतास दादाचे अ. आ.

वि. वि. बाबांच्या जुन्या पिकअपचे हवेचे झाकण उघडते. सेवकराम मिस्त्रीने उभ्या गाडीत स्वतः दांडा ओढून खात्री दिली. पुढच्या काचेखालचे हे झाकण उघडले की वारा सरळ बसणाऱ्याच्या तोंडावर येतो. मग नवरदेवाला एसी गाडी कायले पाहिजे? माझ्या रविताचा नवरदेव स्टेशनवरून मांडवात याच गाडीतून येईल. ओमेश्वर गाडी भंगारात काढा म्हणतो. पोराचे ऐकले तर उद्या तो मलाही काढेल. स्थळ तू आणलेस, तेव्हा विहीणबाईंना तूच समजाव. माया राहू दे.

तुझा दादा
लक्ष्मीचंद

कुडवा, १९ एप्रिल

ती. दादांस सा. न.

सुलोचनाबाई तोंड आंबट करून हो म्हणाल्या. त्यांच्या लोकेंद्रला उन्हात भोवळ येते. मांडवाआधी त्याचा चेहरा उतरला तर वरात वापस जाईल, असे त्यांनी हसत सांगितले. हसण्यावर जाऊ नका. गाडी वर्षानुवर्षे खळ्यात उभी आहे, तिच्या बाजूलाच तुम्ही धान उडवता. उभ्या गाडीत झाकणातून वारा आला म्हणे. वहिनी सूप घेऊन समोर उभी होती का? एकदा चालवून पाहा. आहे तसा जीव लावा.

धनवंता

अर्जुनी मोरगाव, ६ मे

चि. धनवंतास अ. आ.

तू रविताची पाठराखीण म्हणून गेलीस तेव्हापासून झोप नाही. तिला तिथे कोणी टाकून बोलून तर नाही राहिले?

चालवून पाहायला हवी होती. पण रंग दिल्यावर नवरदेवाआधी गाडीत कोणी बसू नये, असा नेम मीच केला. स्टेशनरोडवर वेग घेतला, दांडा ओढला आणि इतक्या हंगामांचा धानाचा कोंडा लोकेंद्रच्या हळदीच्या तोंडावर बसला. उतरला तो सारवलेल्या धानाच्या ढोलीसारखा. सुलोचनाबाई वापस चला म्हणाल्या, आणि तू पापणी न हलवता सांगितलेस, की जावयाला घरच्या कोंड्याने न्हाऊ घालायची अर्जुनीकडची जुनी रीत आहे. माझा जन्म इथे गेला, मला ती तेव्हाच कळली. वरातीतल्या दोन म्हाताऱ्यांना मात्र लहानपणापासून आठवते.

सेवकरामने झाकण धुऊन काढले. आता खरोखर गार वारा येतो. तुझी रीत उघडी पडली तर पोरीचे काय, एवढे कळव.

लक्ष्मीचंद

कुडवा, १३ मे

ती. दादांस सा. न.

रविता सुखात आहे. हे सुलोचनाबाईच घरोघरी सांगून राहिल्या आहेत. लग्नापासून लोकेंद्रला भोवळ आली नाही, श्रेय कोंड्याला. एका शेजारणीने अशी रीत ऐकली नाही म्हटले, तर तिचेच घराणे हलके ठरले.

पुढच्या रविवारी लोकेंद्रच्या बहिणीचे, टीनाचे लग्न आहे. तिच्या नवरदेवालाही आपल्याच पिकअपमधून आणायचे ठरले आहे. ठरलेली एसी गाडी नको म्हणून सांगितले. व्हिडिओवाला समोर उभा राहील.

शनिवारी गाडी घेऊन या. झाकण धुतल्याचे बोलू नका. निघण्याआधी पुन्हा भरून घ्या. कोंडा मात्र चाळून घ्या, नवरदेव वकील आहे.

तुमची माया अशीच राहो.

धनवंता