सरळ रेषेतलं पाणी

१० फेब्रुवारी, सोमवार

लेखक आला होता. नावामागे डॉक्टर, पण कुणाचा ताप उतरवता यायचा नाही! रसायनशास्त्राचा डॉक्टर. शाळेच्या मुलांसाठी पुस्तक लिहिलंय, फक्त पाण्यावर. नाकाला रुमाल लावून मशीनभोवती एक फेरी मारली. शाईचा वास आहे साहेब, उंदीर मेलेला नाही — हे मनात. तोंडाने इतकंच विचारलं, "छपाईबद्दल लिहिलंय का काही? हे मशीनही पाण्यावरच चालतं."

तर म्हणे, "मिस्त्री, शाई तेवढी एकसारखी येऊ द्या."

मिस्त्री! चोवीस वर्षं या मशीनच्या प्रत्येक रोलरची नाडी ओळखतो मी.

मालक दात काढत उभा. मालक म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. लेखक गेल्यावर मला कोपऱ्यात घेतलं. "भाऊजी, हे पुस्तक त्यांच्या मनासारखं झालं तर त्यांच्या मालिकेतली बाराही पुस्तकं आपल्याकडे. मग हे मशीन राहील. नाहीतर मी डिजिटल आणतो. त्याला पाणी लागत नाही."

आणि पाण्याचा माणूसही लागत नाही. तेवढं बोलला नाही. भुवया बोलल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिल्या फर्म्याची एका बाजूची प्लेट आली. सोळा पानांचा फर्मा. कागदाच्या एका अंगाला आठ पानं — १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६. बाकीची आठ पाठीवर, त्यांची प्लेट शनिवारी. प्लेटवर पानं मागेपुढे, निम्मी डोक्यावर उभी. मान वाकडी करून मी सगळी वाचतो. नववीत शाळा सुटली. उरलेली शाळा माझ्या हाताखालून गेलेल्या कागदांनी पुरी केली. कोणाचे उपकार नाहीत.

पान १३, तळाला आकृती. 'पाण्याचा रेणू.' मध्ये ऑक्सिजन, दोन अंगांना दोन हायड्रोजन — एका सरळ रेषेत! खांद्यावरच्या काठीला दोन बादल्या लटकवल्यासारखे.

चूक. ढळढळीत चूक! पान १२ वर हाच गृहस्थ लिहितो की रेणू वाकलेला असतो. स्वतःचंच शेजारचं पान वाचलं नाही. आणि आम्ही मिस्त्री.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहून काढतो, नाहीतर डोकं शांत व्हायचं नाही.

ऑक्सिजन हावरट. सामाईक इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून बसतो. म्हणून त्याच्या अंगाला थोडा ऋण भार, हायड्रोजनकडे थोडा धन. आता तिघं सरळ रेषेत असते तर डावीकडची ओढ आणि उजवीकडची ओढ — फिट्टंफाट. रेणूला ना धन बाजू, ना ऋण. पण तो वाकलेला आहे. एकशे साडेचार अंशांत. दोन्ही हायड्रोजन एका अंगाला झुकलेले, म्हणून ते अंग धन, पाठ ऋण. एकाचं धन अंग दुसऱ्याच्या ऋण पाठीला चिकटतं. पाणी पाण्याला धरून राहतं. म्हणून थेंब गोल. म्हणून उकळायला इतका वेळ. तेलाच्या रेणूला अशा बाजू नाहीत. पाणी आपली घट्ट मिठी सोडून त्याला आत घेत नाही.

माझं मशीन उभं आहे ते यावर! प्लेट सपाट, त्यावर ना उठाव ना खोदकाम. कोऱ्या जागेवरचा धातू पाणी धरतो, अक्षरांवरचा थर तेलकट शाई धरतो. आधी पाण्याचा रोलर फिरतो, मग शाईचा. पाणी जिथे बसलं तिथे शाईला मज्जाव. डॉक्टरच्या चित्रातलं पाणी माझ्या टाकीत टिकलंच नसतं, हवेत उडून गेलं असतं. आणि टिकलं असतं तरी पहिलाच कागद काळाकुट्ट निघाला असता. त्याचं पुस्तक छापणारं पाणी त्याच्याच पुस्तकात खोटं!

मेहुण्याला दाखवलं. प्लेटकडे पाहिलंसुद्धा नाही. "प्रुफावर त्यांची सही आहे, भाऊजी."

"फोन लाव त्यांना."

"लावून काय सांगू? आमचा नववी नापास माणूस म्हणतो तुमचं चुकलंय?"

नापास नव्हतो. शाळा सोडली. दोन्हींत फरक आहे.

"आपण छापायचं. वाचायचं नाही."

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, त्याचं प्रेस, त्यांचं पुस्तक. तुम्हाला कसली खाज?"

"तू भावाचीच बाजू घेणार."

"मी भाजीची बाजू घेतेय. गार होतेय."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

केलं!

आधी सरळ मार्गाने गेलो. काँप्युटरच्या खोलीत बसून प्लेटा काढणारी मुलगी आहे, तिला म्हटलं, आकृती दुरुस्त करून नवी प्लेट दे. "नको हो काका, सर ओरडतील. आणि पाठची पानं निघतायतच शनिवारी, तोवर थांबा की." थांबा की! मशीन तयार, कागद लावलेला, प्रकाशकाने मोजून पाठवलेला — आणि मी थांबू?

मेहुणा जेवायला गेला. मी प्लेट टेबलावर घेतली. पुसायच्या पेनाने दोन्ही हायड्रोजन आणि रेघा उडवल्या. कोनमापक लावला. अर्धा अंश भिंगाखाली. मग सुईने प्लेटवर ओरखडे. ओरखड्यात शाई धरते, हे पुस्तकात नसतं, बोटांत असतं. हात तसूभर हलला नाही. गोलसुद्धा असे आले की मूळचे कुठले, माझे कुठले, त्या डॉक्टरच्या बापाला सांगता येणार नाही.

संध्याकाळपर्यंत पाचही हजार कागद उतरले. मेहुण्याने एक उचलून उजेडात धरला. "झकास रंग आलाय, भाऊजी." रंग! तेरावं पान त्याच्या अंगठ्याखाली होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मशीन बंद. शाई वाळतेय. दिवसभर रोलर पुसले आणि मनात वाक्यं घोळवली. पुस्तक हातात पडेल तेव्हा पान १३ उघडून त्याच्यापुढे धरायचं. आवाज चढवायचा नाही. "डॉक्टरसाहेब, तुमची लाज मिस्त्रीने राखली." बस. मेहुणा तिथेच उभा पाहिजे.

'लाज'ऐवजी 'अब्रू' बरं वाटेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाठच्या बाजूची प्लेट आली. चढवली. पान १४, सगळ्यात वरची ओळ —

'मागच्या पानावर पाण्याचा रेणू मुद्दाम चुकीचा काढला आहे. चूक कोणती, आणि पाणी खरंच तसं असतं तर जगात काय काय झालं नसतं? शोधा. या पुस्तकाचा पुढचा प्रत्येक धडा तुमच्या उत्तरापासून सुरू होतो.'

मेहुणा दारातून ओरडला, "भाऊजी, सुरू करा की!"

पाच हजार कागद. चूक एकातही नाही.