बिनमिठाचा दोडका

आई,

आज सकाळी पिल्लाने माझ्या ताटातला दोडका खाल्ला. एकच फोड, तीही अर्धी, आणि तिच्यातलाही बराचसा भाग टेबलावर सांडला. पण उरलेला गिळला. गिळताना मानेची हालचाल झाली ती मी नीट पाहिली. वहीत वेळ लिहिली, आठ वाजून दहा मिनिटं, आणि मग वाटलं, हे तुला सांगायला हवं. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. या काळात तुला सांगण्याजोगं कितीतरी घडलं. तू जिला फक्त दुपट्यात पाहिलंस ती तुझी नात अकरावीला गेली, आम्ही अंबरपेठेतच पण दुसऱ्या घरात राहायला आलो, माझे केस पिकले. त्यातलं काही लिहावंसं वाटलं नाही आणि दोडक्याच्या अर्ध्या फोडीसाठी मी पेन हातात घेतलं, याचं माझं मलाच नवल वाटतंय.

पिल्लू म्हणजे कॉकाटीलचं पिल्लू. पोपटाच्याच कुळातलं, पण आपल्या राव्यासारखं हिरवं नाही. राखाडी अंग, डोक्यावर पिवळट तुरा, गालावर नारिंगी ठिपका. आपला हिरवा पोपट पाळायला कायद्याने बंदी आहे, या परदेशी जातीची नोंदणी करावी लागते. ते सगळं मी रीतसर केलं. तू म्हणाली असतीस, हिचं सगळं कागदावर. तुझ्या नातीच्या मैत्रिणीकडे या पक्ष्यांची जोडी होती. जोडीने बाकीची पिल्लं वाढवली आणि या एकाला घरट्याबाहेर ढकललं. मैत्रिणीच्या आईने ते सिरिंजने पेज भरवून जगवलं. मग त्यांची बदली झाली आणि सात आठवड्यांचं हे पिल्लू, पेजेच्या पावडरचा डबा आणि तीन सिरिंज आमच्या घरी आल्या. जाताना ती बाई म्हणाली, "आठ-दहा दिवसांत स्वतःचं स्वतः खायला लागेल बघा." तुझी नात त्याला रोज नवं नाव ठेवते आणि एकही टिकत नाही, म्हणून आम्ही पिल्लूच म्हणतो.

आठ-दहा दिवस झाले, पंधरा झाले. पिल्लू सिरिंज दिसली की मान वर-खाली हलवत, चिरकत धावत यायचं आणि वाटीतल्या पदार्थांकडे ढुंकूनही बघायचं नाही. मी काय काय केलं सांगू? भिजवलेले राळे, मोड आलेले मूग, वाफवलेला मका, किसलेलं गाजर, कोथिंबिरीची काडी पिंजऱ्याच्या तारेला बांधून. राळे त्याने पायाने उडवले. मुगावर बसून घेतलं. मक्याचा एक दाणा चोचीत धरला, माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याने तो नेम धरून पाण्यात टाकला. मी कॉलेजच्या लायब्ररीत काम करते हे तुला माहीतच आहे, नोंदी ठेवणं माझ्या हाडात आहे. स्वयंपाकाच्या काट्यावर रोज सकाळी वजन, कोणता पदार्थ, किती वेळ ठेवला, काय केलं. समोर स्टूल घेऊन, वही मांडीवर ठेवून मी बसायचे. "मम्मा, नक्को ना असं बघू त्याच्याकडे," तुझी नात म्हणाली. "त्याच्या जागी मी असते ना, तर मीपण नसतं खाल्लं."

मी तिचं ऐकलं नाही. उलट मला वाटलं, पोट भरलेलं असतं म्हणून ते खात नाही. पेजेचे लाड बंद केले की झक मारत खाईल. एका शुक्रवारी मी सकाळची पेज दिली नाही, शनिवारी दुपारचीही नाही. ते पिंजऱ्याच्या दारापाशी येऊन ओरडत राहिलं आणि मी मन घट्ट करून वाटी पुढे सरकवत राहिले. मला तेव्हा आपण क्रूर आहोत असं वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. आपण शिस्तीचे आहोत असं वाटलं. रविवारी सकाळी त्याने ओरडणं थांबवलं. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून ते पिंजऱ्याच्या तळाशी बसलं होतं. काट्यावर ब्याऐंशी ग्रॅम. गुरुवारी एक्क्याण्णव होतं. एवढ्याशा जिवाचे नऊ ग्रॅम मी दोन दिवसांत काढून घेतले होते.

सिकंदराबादला पक्ष्यांचे एक डॉक्टर आहेत. बुटाच्या खोक्यात फडक्यावर पिल्लू ठेवून रिक्षाने गेलो. डॉक्टरांनी आधी त्याला कोमट पेज दिली, मग माझी वही मागून घेतली, चार पानं वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, लिखे तो आप बहुत अच्छा. मगर बच्चे को भूखा रख के क्या इम्तिहान ले रहे आप? पेट भरा रहा तो खेलेगा, खेलते-खेलते खाएगा." मी म्हटलं, वाटी तर समोरच असते. ते म्हणाले, "वाटी को क्या मालूम कैसा खाना? आप खाते क्या उसके सामने?" मी खात नव्हते. मी लायब्ररीत जायच्या गडबडीत ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास गिळत होते. "नीचे बैठ के खाओ, उसको बगल में बिठा के," ते म्हणाले. "अपना खाना नक्को देना, नमक-मसाला नहीं चलता उसको. मगर आप खाते सो उसको दिखना."

परत येताना रिक्षात खोकं मांडीवर होतं आणि मला तू आठवत होतीस. आपल्या अंबरपेठेच्या दोन खोल्यांतलं ते स्वयंपाकघर, जमिनीवर मांडलेली माझी आणि बाबांची ताटं, आणि हातात कालथा घेऊन उभी असलेली तू. तुझी नजर माझ्या ताटावर. काय उरलंय, काय बाजूला सारलंय. मी चौथीपर्यंत खाण्याच्या बाबतीत किती छळवादी होते ते मला आठवतं. पण तुला जेवताना मी पाहिल्याचं मात्र आठवत नाही. तू आमच्यानंतर, आवराआवर करता करता, कधीतरी जेवायचीस. आपल्या घरात ते असंच होतं, कुणी ठरवलेलं नव्हतं. पिंजऱ्यासमोर वही घेऊन बसलेली मी आणि कालथा घेऊन उभी असलेली तू, यांत फरक एवढाच की तुला पावणेनऊची बस गाठायची असायची. लिहिताना वाटतं, मी तुझ्यावर अन्याय करतेय का? तू वाढत होतीस, मी नोंदी घेत होते. पण ताटाला ते कसं कळणार.

मग तो दिवस आठवतो, जो तू पुढे वीस वर्षं सगळ्यांना सांगत राहिलीस. शाळेला सुट्टी आहे, बाबा दौऱ्यावर आहेत, म्हणून मला तुझ्याबरोबर सिकंदराबादच्या ऑफिसात यायचंय. सकाळी तू दोडक्याची भाजी करतेयस आणि मी म्हणतेय, "मला नको हा हिरवा चिखल." तू गॅसकडे पाठ करून माझ्याकडे वळतेस. मी पाय आपटते, आणखी काहीबाही बोलते, तूही बोलतेस, आणि एवढ्यात कढईतून करपल्याचा वास येतो. तू चटकन वळून कालथ्याने भाजी खरवडतेस आणि माझ्याकडे न बघता म्हणतेस, "नको ना? मग राहा उपाशी." तेवढंच. बसमध्ये आपण दोघी एकमेकींशी बोलत नाही. मी खिडकीबाहेर बघते आणि माझ्या पोटात कावळे ओरडत असतात.

तुमच्या ऑफिसातल्या बायकांची जेवणाची ती रीत मला फार आवडली. टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, सगळ्यांनी आपापले डबे मध्ये ठेवायचे आणि मग कुणीही स्वतःच्या डब्यातलं खायचं नाही. आपला डबा उघडून दुसरीच्या पुढे सरकवायचा, असा तो नियम. तू पदर खोचून खुर्चीवर मांडी घालून बसलीस. मी तुला तशी बसलेली कधी पाहिली नव्हती. कुणाची तरी चिंचेची आमटी तू भातावर ओतलीस, बोटं चाटलीस, मोठ्याने हसलीस, आणि पुन्हा वाढून घेतलंस. मी बघतच राहिले. एक उर्दू बोलणाऱ्या खाला होत्या, त्या म्हणाल्या, "काय कू शरमाते बेटा, खाओ ना." आणि शेजारच्या तेलुगू अक्कांनी त्यांच्या पुढ्यातला एक डबा माझ्याकडे सरकवला. "बीरकाय कूरा, मंचिगा उंटुंदी. बहोत अच्छा. खा." बीरकाय म्हणजे दोडका हे मला ठाऊक होतं. मी खाल्ला. चपातीबरोबर सगळा डबा खाल्ला. मग टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अक्कांच्या घरचा दोडका मस्त आहे. आमच्याकडे असा होतच नाही."

अक्कांनी तुझ्याकडे बघितलं, तू डोळ्यांनीच त्यांना नको म्हणालीस आणि डोकं खाली घालून भात कालवत राहिलीस. तुझे खांदे हलत होते. त्या महिन्यात तू मला गौलीगुड्याच्या बाजारातून एक छोटा स्टीलचा डबा आणलास, माझं नाव कोरून. त्यानंतर सणाला, बारशाला, माझ्या लग्नातसुद्धा तो किस्सा तू रंगवून सांगितलास. "हिला घरचा दोडका चालत नाही हो, अक्कांचा चालतो! आणि डबा कुणाचा, तर आमचाच!" लोक हसायचे, तू डोळे पुसायचीस, आणि मी ओशाळल्यासारखं करायचे.

माझ्या त्या छोट्या डब्याचं झाकण आता पिल्लाची थाळी आहे. डॉक्टरांकडून आल्यावर पेज पूर्वीसारखी चालू केली, पोटभर. वजन दर दिवसाआड घेते, वही शेजारच्या खोलीत ठेवते. आणि रोज सकाळी अर्धा तास लवकर उठून टेबलाशी बसून खाते. माझ्या ताटात आणि त्याच्या झाकणात एकच पदार्थ, मीठ-तिखट काही नाही. गेले अठरा दिवस माझा नाश्ता असा आहे. तुझा जावई म्हणतो, "ब्लडप्रेशर माझं आणि मीठ बंद तुझं!" पहिले चार दिवस पिल्लू माझ्या खांद्यावर बसून नुसतं बघायचं. पाचव्या दिवशी मनगटावरून उतरून ताटाच्या कडेवर आलं. मग मक्याचा दाणा, दोन दाणे, गाजर, वीस-पंचवीस राळे. सगळं माझ्या ताटातून. झाकणात तेच सगळं, त्याच कढईतलं, तसंच पडलेलं. ते झाकणाशेजारून चालत येतं, तिरक्या मानेने माझ्याकडे बघतं आणि माझ्या ताटातलं उचलून पळतं. तुझी नात म्हणते, "मम्मा, त्याला कळत नाही का दोन्हीकडे सेमच आहे?"

आज दोडका होता. काल संध्याकाळी भाजीवालीने कोवळे दिले. वाफवताना फोन आला आणि भाजी खाली किंचित लागली. मी वरवरची काढून दोन्हीकडे वाढली, तरी वास राहिलाच. पिल्लाने नेहमीप्रमाणे झाकणाकडे पाठ केली आणि माझ्या ताटातली फोड उचलली. पेज आता दिवसातून एकदाच घेतं, तीही लाडाने. आज वजन ब्याण्णव. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "हौ मॅडम, अब जी गया समझो."

हे पत्र वहीतच राहील. तुझ्या नातीला मराठी जेमतेम वाचता येतं, माझं अक्षर तर तिला लागतच नाही, तेव्हा तिने वाचायचीही भीती नाही. तिच्या प्रश्नाला मी काही उत्तर दिलं नाही. पण पिल्लाला कळतं, आई. झाकणात आणि ताटात तेच आहे हे त्याला चांगलं कळतं.

मला कसं माहीत, तर त्या दिवशी अक्कांनी डबा पुढे केला तेव्हा पहिल्याच घासाला करपल्याची चव लागली होती. सकाळच्या भांडणाची. भाजी तुझीच आहे हे कळूनच मी सगळा डबा खाल्ला. फक्त तसं म्हणायची लाज वाटली, आणि पुढे तू किस्सा इतका छान सांगायला लागलीस की मी म्हटलं, राहू दे.