कण्हेरीवरचा आळ

३ मार्च, सकाळ
डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघून अ‍ॅव्होकॅडो खायला सांगितलं. बायकोने लगेच पेटीच आणली. आजपासून रोज नाश्त्याला. संकल्प पक्का. चाळिशी ओलांडलेल्या पदवीधर माणसाचा स्वतःच्या जिभेवर ताबा नसेल तर शिकून उपयोग काय.

४ मार्च
चव साबणासारखी. साबणाला निदान वास तरी असतो.

५ मार्च
खाल्लं नाही. पण फेकलंही नाही. अन्न वाया घालवणं मला पटत नाही. मागच्या अंगणात बायकोच्या तीन कोंबड्या आहेत. त्यांच्यापुढे ठेवलं, साल-कोयीसकट. दोघी बिचकल्या, काळीने फडशा पाडला. काळी बायकोची लाडकी. बायकोने हाक मारली की धावत येते, मी मारली की निघून जाते. आज मात्र माझ्यामागे आली.
बायकोने विचारलं, संपवलंस? मी म्हटलं, हो, काही उरलं नाही. उरलं नव्हतंच.

९ मार्च
व्यवस्था छान बसली आहे. शेजारच्या काकूंना बायको सांगत होती, रोज न कुरकुरता खातो हो. काकू म्हणाल्या, नशीबवान आहेस, आमच्या ह्यांना साधी काकडी खायला घालायची तर भांडण व्हायचं. मला अपराधी वाटलं. संध्याकाळी न सांगता खुराडं झाडून काढलं. पूर्ण फिटलं असं नाही, पण बरंचसं.

१२ मार्च
काळी सुस्त. पंख फुगवून कोपऱ्यात. बायकोने हाक मारली, जागची हलली नाही. बायको म्हणाली, तू हिला काही घातलंस का? मी म्हटलं, मी कशाला घालीन. उत्तर असं मी दिलं नाही, उलट प्रश्नच विचारला.
ऑफिसात फोनवर शोधलं. कोंबड्यांना घातक: अ‍ॅव्होकॅडो, त्यातही साल आणि कोय. मग कच्चे बीन्स, चॉकलेट, हिरवट बटाट्याची सालं, कण्हेर. दुसरी वेबसाइट उघडली. तिथेही अ‍ॅव्होकॅडो सगळ्यात वर. इंग्रजी वर्णमालेत ते वर येणारच, म्हणून घाबरायचं कारण नाही.
दुपारी तिसरी वेबसाइट उघडली.

१३ मार्च
जनावरांच्या दवाखान्यात. काळी टेबलावर चोच उघडी ठेवून श्वास घेत होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाण्यात काय आलं? बायको माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, रोजचंच. बाई म्हणाल्या, नेमकं कळलं असतं तर बरं झालं असतं. आसपास एखादं विषारी झाड? मी म्हटलं, कण्हेर विषारी असते असं वाचलंय. नुसती माहिती दिली. बायको म्हणाली, अगं बाई, काकूंची कण्हेर आपल्या भिंतीवरून आत झुकलीय. मी दुजोरा दिला नाही. खोडूनही काढलं नाही.

१४ मार्च
काळी गेली. बायको रडली नाही. खुराड्याचं दार ओल्या फडक्याने पुसत बसली, पुसलेलंच परत पुसत होती. अशा वेळी सांगणं क्रूरपणा होईल. दोन दिवस जाऊ देत.

१५ मार्च
अ‍ॅव्होकॅडो खाल्लं. प्रायश्चित्त. अर्ध्यावर थांबलो, अतिरेक कशातच नको.

१६ मार्च
विमा कंपनीत दावे तपासायचं माझं काम. आज एका दुकानदाराचा दावा नामंजूर केला. आग लागली हे खरं, पण गोदामात डिझेल ठेवलं होतं हे त्याने कळवलं नव्हतं. म्हणाला, साहेब, मला कुणी विचारलंच नाही. मी त्याला शांतपणे समजावलं की माहिती दडवणं हीसुद्धा फसवणूकच. तो उठून गेल्यावर फाइल परत एकदा उघडून बघितली. निर्णय बरोबरच आहे. सही जरा बारीक केली, इतकंच.

१७ मार्च
काकू येऊन गेल्या. म्हणाल्या, कण्हेर तोडून टाकते. बायको म्हणाली, नको हो, फांद्या छाटल्या तरी पुरे. काकू म्हणाल्या, पान गळायचं थोडंच थांबतंय. ह्यांनी लावलेली, म्हणून इतकी वर्षं ठेवली. पण तुमच्या दोन कोंबड्या आहेत ना अजून. रविवारी माळी येतोय.
दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, घाई करू नका. याहून स्पष्ट काय बोलणार?
शनिवारी सकाळी काकूंना सगळं सांगून टाकायचं. यात बदल नाही.

२० मार्च, शनिवार
आंघोळ करताना सराव केला. सुरुवात जमेना. ‘काकू, एक बोलायचं होतं’ फारच गंभीर. ‘काकू, गंमत झाली’ अगदीच हलकं. दाढी केली. शर्टाला इस्त्री केली. कॉलरवर सुरकुती राहिली म्हणून परत केली. तेवढ्यात करवतीचा आवाज. माळ्याला उद्या सवड नव्हती म्हणून आजच आला. तसाच पळत गेलो. झाड आडवं झालं होतं. काकू पायरीवर बसल्या होत्या, म्हणाल्या, बरा आलास, ही फांदी धर जरा. मी धरली. माळी म्हणाला, साहेब, नंतर हात धुवा, विष असतं. काकूंनी त्याच्याकडे बघून मान खाली घातली.
मी बराच वेळ हात धुतले.

२१ मार्च
सांगितल्याने झाड परत येणार नाही. पण ते कारण पुढे करून गप्प बसणं म्हणजे पळवाट, हे मला पूर्ण मान्य आहे. उद्या ऑफिसातून आल्यावर नक्की.

२२ मार्च, संध्याकाळ
काकूच आल्या. हातात टोपली, टोपलीत एक तपकिरी तलंग, अजून अंड्यावर न आलेली. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या, आत येईनात. म्हणाल्या, तुमची काळी माझ्यामुळे गेली, पण तू एका शब्दाने बोलला नाहीस. दुसरा असता तर दारात येऊन भांडला असता. मनात काही ठेवू नकोस रे, तेवढं तोंडाने म्हण, म्हणजे मी सुटले.
मी म्हटलं, काकू, खरं सांगायचं तर… त्यांनी माझा हात धरला. बायको म्हणाली, अरे बोल ना, किती ताटकळवशील त्यांना.
मी काकूंना माफ केलं.