मागची रांग तुमची

एने,

मी गाडी आणायला बाजारात जातेय. खिम्याच्या मांती फ्रीजमध्ये आहेत, वाफवून घ्या. जुळ्यांना बालवाडीतून तेवढं आणा.

परवा तुम्ही रुसलात, ते कळलं मला. आपल्यात सासूची मानाची जागा दारापासून सगळ्यात लांब, म्हणून तुम्हाला तिसऱ्या रांगेतच बसायचंय. पण एने, ती गाडी आहे, जेवायला बसायचा दस्तरखान नाही. मधल्या रांगेत पोरांच्या दोन सीटा बांधल्या की मागे जायला वाटच राहत नाही. तुम्हाला काय डिकीतून चढवू? शेवटी सुतळीने मापून मापून, मधे वाट असलेली गाडी शोधली. मागची रांग अख्खी तुमची.

काल रशियाहून तुमच्या लेकाने फोनवर एवढंच विचारलं, "चालवणाऱ्याची सीट मागे सरकते ना? माझे पाय मावायला हवेत." सरकते म्हटलं. कधी येताय, ते मी विचारलं नाही. पोरं तीन वर्षांची झाली, त्यांना बाप फोनमध्येच राहतो असं वाटतं.

गाडी चालवून पाहताना विकणारा म्हणाला, "वहिनी, सीट पुढे घ्या, तुमचे पाय पोचत नाहीत." मी ती मागेच राहू दिली. तुमची पाठीची उशी नेतेय, शोधत बसू नका.

नुरझात