साहेबांची गोष्ट, तुमची माळ

अण्णा, तुमचे पिक्चरवाले साहेब परत आले होते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी तुम्ही अजून आपल्या पडवीवरच बसलेले आहात. मला पन्नासावं लागायला आलं, दाढी पिकली, तरी मांडव्याला रो-रो बोटीतून गाडी उतरवून नागावात आले आणि फाटकातूनच त्यांनी हाक मारली, "छोटे!" ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोण हो छोटे? आपल्याकडे सगळे जून झालेत म्हणावं." मी चिडून लिहितोय हे आधीच सांगतो. त्यांच्यावर चिडलोय, ज्यांनी त्यांची ही गत केली त्या लोकांवर चिडलोय, पण मुख्यतः तुमच्यावर.

एके काळी त्यांचा पिक्चर लागला की अलिबागच्या टॉकीजवर दोन-दोन आठवडे तिकीट मिळायचं नाही, आणि तोच माणूस दर वर्षी शिमगा आटोपला की आपल्या माडीवर राहायला यायचा, नवी गोष्ट घेऊन. मला ते दिवस अजून जसेच्या तसे दिसतात. तुम्ही पडवीवर मांडी घालून बसला आहात, पुढ्यात वाळलेल्या सुपाऱ्यांचा ढीग आहे, हातात ते छोटं पातं. आई आतून कोकम सरबत पाठवते आहे. साहेब समोरच्या झोपाळ्यावर बसून, मध्येच उठून, हातवारे करत हिरोचं बोलतायत, व्हिलनचं बोलतायत, हिरॉइनच्या आईचं रडतायत. तुम्ही मान खाली घालून सुपारी सोलता, टरफल एकीकडे, सुपारी दुसरीकडे. आणि अर्ध्या-पाऊण तासाने केव्हातरी तुमचा हात थांबतो. डोळे क्षणभर मिटतात. साहेब लगेच वहीत खूण करतात. "अण्णा का हाथ रुका! ये सीन रखने का."

असे पंधरा पिक्चर त्यांनी केले. जिथे तुमचा हात थांबला तो प्रसंग त्यांनी वाढवला, जिथे नाही थांबला तो कापला. हिरो परक्या दारात ओंजळीने पाणी पितो, एवढाच एक प्रसंग होता, तुमचा हात तिथे थांबला म्हणून त्यांनी तिथे गाणं घातलं आणि त्या गाण्याला अख्खा महाराष्ट्र रडला. मला त्या वेळी तुमचा केवढा अभिमान वाटला होता. मी बारावीला होतो. घरी येऊन विचारलं, "अण्णा, तुम्हाला तो पाणी पिण्याचा प्रसंग एवढा कसा काय भावला?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कुठलं पाणी? माझी माळ पुरी झाली होती."

दर सुपारीला एक रामनाम. एकशे आठ झाली की हात थांबवून नमस्कार, आणि मग पुढची माळ. मी हसायला लागलो तेव्हा तुम्ही ज्या आवाजात बोललात तो मी विसरलेलो नाही. "तोंड बंद ठेव. नाम घेतो हे सांगत सुटायचं नसतं. त्या माणसाचं बरं चाललंय, तुझं काय जातं?" माझं काही जात नव्हतं, अण्णा. पण तुम्ही गेलात आणि ते ओझं माझ्या डोक्यावर ठेवून गेलात. गोष्ट तुम्ही ऐकत तरी होता की नाही, हेही मला कधी कळलं नाही. पास आले तरी तुम्ही टॉकीजला गेला नाहीत. एकदा आईने नेलंच, तर मध्यंतरापर्यंत झोपलात.

तुमच्यानंतर साहेबांचे चार पिक्चर आले आणि चारही पडले. त्याला तुम्ही कारण नव्हता. हिरो परदेशात जाऊन नाचायला लागले, पुढे मग गुंडच हिरो झाले, टॉकीज पाडून मोठ्या शहरांत मॉल उभे राहिले, तिथल्या तिकिटात आपल्याकडे आठवड्याचे मासे येतात. पण साहेबांना हे पटत नाही. अण्णा गेले आणि नशीब गेलं, एवढंच त्यांनी धरून ठेवलंय. त्यांच्या बरोबरीच्यांपैकी एकाने बंगला विकला, एक टीव्हीवर नाचणाऱ्या मुलांना मार्क देत बसतो, एकाने अभिनयाचे क्लास काढले. आणि एकाचा मात्र सत्तरी उलटल्यावर पिक्चर धो-धो चालला. त्यानेच घात केला. सगळेच पडले असते तर हे गप्प घरी बसले असते. एकाचं जमलं म्हणून बाकीचे सगळे म्हातारे अंथरुणावर उठून बसलेत. वर ही नवी माणसं. भेटली की पाया पडतात, समारंभात शाल घालतात, यांची जुनी गाणी नव्या ढोलावर वाजवतात, आणि काम मागितलं की "सर, आप तो लेजंड हैं" म्हणून दारापर्यंत सोडायला येतात.

या वर्षी त्यांना एका ठिकाणी वेळ मिळाली होती. मोबाईलवर पिक्चर दाखवणारी कुठलीशी कंपनी, सोमवारी गोष्ट ऐकणार. साहेब अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. "छोटे, ये आखरी है. ये गया तो मैं गया," म्हणाले. म्हणून गुरुवारीच इथे आले. येताना माझ्यासाठी बाजारातून दोन पोती सुपारी घेऊन आले होते, काय सांगू! मी म्हटलं, "साहेब, आपल्या वाडीतली आहे ना, अजून सोलायची पडलीय." तर म्हणाले, "कम नहीं पडनी चाहिए."

तीन दिवस मी सोलत बसलो. इकडे भाड्याने दिलेल्या दोन खोल्यांत पाहुणे, त्यांना बारा वाजता सुरमई हवी, बाहेर कोणी पाण्यातल्या स्कूटरसाठी ओरडतंय, आणि साहेब झोपाळ्यावर बसून टॅबवरून वाचतायत. आता ते उठून हातवारे करत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. दर दोन पानांनी 'ड्रोन शॉट' म्हणतात, ते काय असतं देव जाणे, त्यांच्या भाच्याने घालायला सांगितलंय. आणि सगळा वेळ त्यांची नजर माझ्या हातावर. मीही तुमच्यासारखं नाम घेतच सुपारी सोलतो, पण कोणी हाताकडे असं टक लावून बसलं तर नाम राहतं बाजूला, आता थांबू की नको एवढंच डोक्यात. ही ताट वाढून दोनदा हाक मारून गेली. तिसऱ्यांदा बाहेर येऊन म्हणाली, "साहेब, आमटी निवतेय. तुमच्या हिरोला म्हणावं जरा दम धर."

शनिवारी संध्याकाळी त्यांनी टॅब बंद केला. "तेरा हाथ तो रुकता ही नहीं, छोटे." आवाज एवढा बारीक झाला होता की मला त्यांची दया यायला हवी होती. पण मला आला राग. तीन दिवसांचा, तीस वर्षांचा. मी सगळं सांगून टाकलं. रामनाम, एकशे आठ, नमस्कार. पाण्याचा प्रसंगही सांगितला.

त्यांनी झोपाळ्याला एक झोका दिला. मग हसायला लागले. अण्णा, मला वाटलं होतं माणूस मोडेल, आणि हे हसतायत! "मतलब एडिटिंग रामजी ने किया! पंधरा पिक्चर!" डोळे पुसून म्हणाले, "तो तू भी कर ना. माला गिन. कल सुबह फिर से सुनाता हूँ."

"साहेब, देवाचं नाव तुमच्या पिक्चरसाठी घेऊ?"

"तेरे बाप ने लिया ना?"

"त्यांनी सुपारीवर घेतलं. पिक्चरसाठी नाही."

"अरे, तो तू भी सुपारी पे ले! मैं बाजू में बैठ के बात करूँगा, तेरा क्या जाता है?"

तुमचंच वाक्य. नाही म्हणालो, फटकन, आणि उठून देवघरात दिवा लावायला गेलो. रविवारी सकाळच्या बोटीने ते गेले. जाताना हिच्या हातचे नारळाचे लाडू मात्र मागून घेतले.

मंगळवारी फोन आला. दोन तास गोष्ट सांगितली, म्हणाले, चार मुलं होती, नातवांच्या वयाची, कोणी एकदाही मध्ये बोललं नाही. पूर्वी प्रोड्युसर शिव्या द्यायचे, भांडायचे, तेव्हा समजायचं पिक्चर बनणार. या मुलांनी शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या. "टाळी बजाई, छोटे. खतम." मग म्हणाले, "और वो राशनवाला सीन मैंने पहले ही निकाल दिया था. तू भी तो सोलताच राहिला. छोटा सीन था." मी म्हणालो, "बरं केलंत, साहेब."

तो प्रसंग तुम्हाला सांगतो. बायको जाऊन महिना झालेला एक म्हातारा रेशनच्या दुकानात जातो. दुकानदार मान वर न करता विचारतो, घरात माणसं किती? म्हातारा म्हणतो, दोन. मग त्याला कळतं आपण काय बोललो, पण तो दुरुस्त करत नाही, पिशवी पुढे करतो. बस, एवढंच. साहेबांनी तो घाईघाईत वाचून टाकला होता, त्यात ड्रोन नव्हता.

अण्णा, तिथे माझा हात थांबला होता. माळ पुरी झाली म्हणून नाही, माळ मी मोजतच नव्हतो. आई गेल्यावर तुम्ही वर्षभर दोन पाट मांडायचात, एक तुमचा आणि एक तिचा, ते समोर आलं. साहेब नेमके तेव्हा पान उलटत होते. त्यांनी वर बघायच्या आत मी पुढची सुपारी उचलली. थांबलेलं दिसलं असतं तर हा माणूस दर शिमग्याला येत राहिला असता, आणि मला तुम्ही व्हायचं नव्हतं.

तुम्हाला हे पाठवायला पत्ता नाही. त्यांचा नंबर मोबाईलमध्ये वरच आहे. मी अजून फोन केलेला नाही.