आत्याबाईंना वाचून दाखवलेल्या भयकथा

१२ फेब्रुवारी

ठरलं — आत्याबाईंना सांगायचं नाही.

किशोर पुण्याहून आईचे रिपोर्ट घेऊन आला आणि गाडीतच बसून राहिला. मीच बाहेर गेले. म्हणाला, "गाठ कॅन्सरची आहे. पसरलाय. पावसाळा दिसणं अवघड." मग डोळे पुसले. "तिला अल्सर सांगायचं. कळलं तर ती जेवायचीच थांबेल, शुभांगी."

मी हो म्हणाले. आई त्याची आहे.

लग्न होऊन आले तेव्हापासून सासू म्हणून आत्याबाई माझ्याशी एक शब्द सरळ बोललेल्या नाहीत. तरी आज भाकरी तव्यावर करपून गेली.

१५ फेब्रुवारी

आत्याबाईंजवळ थांबायला मीच नोकरीवर रजा टाकली. किशोरला कंपनीतली शिफ्ट सोडता येत नाही.

१८ फेब्रुवारी

दुपार सरता सरत नाही. टीव्ही त्यांना नको — "सासू-सुनांची भांडणं घरात काय कमी झाली!"

आमची लेक जुईली होस्टेलला परत जाताना एक पुस्तक विसरून गेली आहे. भयकथांचा संग्रह. मी चाळत होते.

"काय हाय त्यात?"

"भुताखेताच्या गोष्टी. तुम्हाला नको."

"का नगं? वाच की!"

वाचली. एका बंगल्यात एकटा राहणारा माणूस. रोज सकाळी ओट्यावर गरम चहाचा कप — ठेवतं कोण, कळत नाही. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. आत्याबाई म्हणतात, "आयता च्या मिळतुया, आन् ह्यो भितोय!"

मला हसू फुटलं. त्याही हसल्या. आम्ही दोघी एकाच गोष्टीला हसलोय, असं यापूर्वी कधी झालं होतं? आठवत नाही.

२३ फेब्रुवारी

आज दोन गोष्टी वाचल्या. जेवण चार घास.

२७ फेब्रुवारी

शेजारच्या शेतात पालापाचोळा पेटवून राब भाजतायत, घरभर धूर. आत्याबाईंना खोकला लागला, मग उलटी. खिडक्या लावल्या तर घर भट्टीसारखं तापलं.

किशोर द्राक्षं घेऊन आला. मी आत्याबाईंना विचारलं, "काय करू खायला? वाटाण्याची आमटी?" त्या एकदा त्याच्याकडे बघत होत्या, एकदा माझ्याकडे.

त्यांचं पोट फुगलंय. हातांच्या मात्र काड्या झाल्या.

३ मार्च

हे लिहू की नको? लिहिते.

आजची गोष्ट अशी. आडगावात नवी सून येते. गावातली प्रत्येक बाई तिला जेवायला बोलावते, चोळीचा खण देते, केसात गजरा माळते. अमावास्येला तिचा विहिरीला बळी द्यायचा, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

मी मध्यावर आले होते. विहिरीचं अजून आलंच नव्हतं. आत्याबाईंनी हात वर केला.

"थांब. ही मरनार."

"कशावरून?"

"समदी गोड बोलत्यात तिच्याशी. समद्यांना म्हाईत हाय. तिला एकलीला न्हाई."

मी पुढे वाचायला गेले. शब्द दिसेनात.

"किशोर द्राक्षं आनतुया. तू माझ्या मनाचं रांधतीयास. लई दिस झालं, उलटून बोलली न्हाईस. शुभांगे, मला बी हिरीत घालाय निघालाय व्हय?"

"अल्सर आहे तुम्हाला, आत्याबाई."

"माझ्याकडं बघून म्हन."

नाही म्हणता आलं.

सांगितलं. गाठ, पसरलाय, डॉक्टर काय म्हणाले ते — सगळं. त्या दाराबाहेर बघत बसल्या. रडल्या नाहीत. मीच रडले. मग म्हणाल्या, "फुडं वाच. त्या पोरीला कुनी सांगतंय का बगू."

कुणीच सांगत नाही. शेवटपर्यंत.

४ मार्च

आत्याबाई भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. ताट नेलं तसं परत आणलं. किशोर म्हणाला होता तेच झालं! मी काय करून बसले? त्यांना मोकळं करायला सांगितलं, की माझ्या छातीवरचं ओझं उतरवायला?

किशोर विचारतोय, "आई का जेवत नाहीये?"

मी म्हणाले, "उष्मा आहे ना."

५ मार्च

पाणीसुद्धा नको. पुस्तक काढलं तर मान हलवली.

किशोरला आज सांगून टाकणार होते. त्याचा डबा भरून दिला, एवढंच.

६ मार्च

किशोर स्वयंपाकघरात आला. किती दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा! "आईने माझ्याबरोबर बसून अख्खी भाकरी खाल्ली. म्हणते, ह्या अल्सराला कोन भितंय, दिवाळीला मला जेजुरीला ने. बरं झालं शुभांगी, तू तिला काही कळू दिलं नाहीस."

तो शिफ्टला गेला. मागच्या मोरीतून आवाज आला म्हणून धावले. आत्याबाई भिंतीला धरून सगळी भाकरी ओकत होत्या. मी पाठ चोळली. चूळ भरून त्यांनी माझं मनगट पकडलं.

"त्येला सांगू नगंस. त्येला न्हाई सोसायचं."