उजवं पातं

शनि., ८ नोव्हें., नांदेड

फिजिओवाल्या मॅडमनी दिलेला रबरी चेंडू आबांनी आज खिडकीतून बाहेर फेकला. डाव्या हातानं, पण नेम अचूक. शेजारणीच्या तुळशीत जाऊन पडला. "मी काय लेकरू हाय का चेंडू दाबत बसायला?"

पोळ्याच्या आठवड्यात अर्धांगाचा झटका आला, भोकरहून त्यांना नि आईंना, माझ्या सासू-सासऱ्यांना, इकडे आणलं, तेव्हापासून उजवा हात असाच. खांदा, कोपर, मनगट सगळं आता ऐकतं. बोटं तेवढी रुसलेली. मॅडम म्हणतात, बोटांना रोज काम पाहिजे, नाहीतर आहे तिथंच राहील.

संध्याकाळी जळकोटहून सुमनआत्यांचा फोन. त्यांच्या पूजाचं लग्न ठरलं, डिसेंबरात. आबा तिचे एकुलते मामा. आबा म्हणाले, "मामा म्हणून दुसरा कोनी बघ सुमन," आणि फोन माझ्या हातात देऊन मोकळे. आत्या रडायला लागल्या. मी काय बोलले आठवत नाही.

आई नंतर स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "पंगतीला भेतेत. पाव्हण्यांसमोर डाव्या हातानं कसं जेवावं म्हनून."

खरंच की. पोळ्यापासून आबा आतल्या खोलीत दार लोटून जेवतात. मला वाटायचं थकवा. आणि मी म्हणे या माणसाला ओळखते!

रवि., ९ नोव्हें.

भांडी लावताना सुचलं. गोळीचा खेळ!!

महेशचा बारावीचा जुना कॉम्प्युटर पुढे गावाकडे गेला आणि आबा त्याच्यावर दुपारभर एकच खेळ खेळायचे. स्टीलची गोळी वरून घरंगळत येते, खाली दोन पाती. डावं बटण दाबलं की डावं पातं उडतं, उजवं दाबलं की उजवं. गोळी खाली पडू द्यायची नाही, बस. आई त्या कॉम्प्युटरला 'सवत' म्हणायच्या. सवत जाऊन आता बरीच वर्षं झाली.

मोबाइलवर तसाच खेळ दाखवला. आबांनी दोन मिनिटांत परत केला. "काचंवर बोट घासायचं. दाबलं का न्हाई ते बोटाला कळतंय का ह्यात?" बरोबर आहे. बटणच पाहिजे.

घरातला जुना लॅपटॉप आहे. पण त्यात महेशनं (यापुढे म. लिहीन, बायको आहे, भक्त नाही) विंडोज काढून लिनक्स टाकून ठेवलंय. विंडोजनं तो गोगलगायीसारखा चालायचा, लिनक्सनं पळतो, हे तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो, गॅसवाल्यालासुद्धा.

म. : "खेळ विंडोजचा, तोही आपल्या लग्नाआधीचा. लिनक्सवर चालणारच नाही."
मी : "चालवून दाखवते."
हसला आणि आठवडाभराच्या नोकरीला लातूरची बस धरायला गेला. हस बाबा. शनिवारी ये, मग बघू.

बुध., १२ नोव्हें.

सीडी कुठे असेल? गावाकडच्या ट्रंकेत शोधावी लागेल असं मी बोलत होते. आई उठल्या आणि देवांच्या डब्यातून काढून दिली. देवांच्या डब्यातून!

दर खंडेनवमीला म्हणे विळा, खुरपं, पाना, शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर यांच्याबरोबर सीडीचीही पूजा व्हायची. कॉम्प्युटर गेला, पण "कुंकू लावलेली वस्तू टाकतेत का?" म्हणून ती देवांबरोबर नांदेडला आली. हळद-कुंकवाचं छान स्वस्तिक. बरोब्बर चकचकीत बाजूला.

"आई, या बाजूनंच तर वाचतो तो!"
"मला काय म्हाईत? लिहिलेल्या बाजूला लावलं तर अक्षरं झाकतेत म्हनून उलट्या बाजूला लावलं."

हसू आलं. पटतंय सुद्धा.

लॅप.ने सीडी पोटात घेतली, घरघरला, बाहेर ढकलली. तीनदा.

शुक्र., १४ नोव्हें.

ओला कापूस, साबणाचं पाणी, आतून बाहेर सरळ पुसायचं, गोल नाही. (आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांचा सल्ला.) पुसण्याआधी आईंनी सीडीला नमस्कार केला, मग मीही केला. कुंकू गेलं, हळदीचा डाग राहिला. हळद ती हळद.

चौथ्या खेपेला वाचली! सगळ्या फायली लॅप.मध्ये उतरवून घेतल्या. आता सीडी परत देवांत. आईंनी तिला ताजं कुंकू लावलं, यावेळी मला विचारून.

रवि., १६ नोव्हें.

फायली आहेत, खेळ नाही. दोनदा टिचकी मारली की लिनक्स म्हणतं, हे काय आहे मला माहीत नाही. आमच्या घरच्या पुरुषांसारखं, समोर असून दिसत नाही.

म. काल आलाय. इतके दिवस 'नाहीच होणार' म्हणणारा आज सकाळपासून माझ्या शेजारी खुर्ची ओढून. त्यानंच एक प्रोग्रॅम शोधला, जो खेळासमोर विंडोजचं सोंग घेतो. खेळाला वाटतं आपण आपल्याच घरी आहोत. मी त्याचं नाव ठेवलं बहुरूपी. म्हणजे ब.रू.

पण ब.रू. चं सोंगही नव्या विंडोजचं होतं. त्याला सांगावं लागलं, बाबा, म्हातारा हो, जुन्या विंडोजचं सोंग घे. एकदा अर्ध्यावर अडकला. एकदा चालू झाला आणि सगळा पडदा काळा. मी वैतागून झाकण लावणार, तेवढ्यात काळ्या पडद्यातून आवाज आला. तीच ती किणकिण, गोळी वर सुटल्याची.

आणि आतल्या खोलीतून : "लागला का गं?"

म. आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. आबांनी आपणहून काही विचारलं याला किती दिवस झाले असतील. म.चे डोळे भरले. चष्मा पुसायला गॅलरीत गेला. माझेही भरले, माझ्याकडे चष्मा नाही.

"आवाज आलाय आबा, चित्र यायचंय."
"येईल. सबर कर."

गुरु., २० नोव्हें.

चित्र आलं! खेळाला मोजकेच रंग कळतात, आपण त्याला लाखभर दाखवत होतो, म्हणून तो डोळे मिटून बसला होता. रंग कमी करून दिले, बस, एवढंच. म.ला शाळेत पोचताच फोन लावला, तो ऑफिसात ओरडला बहुतेक.

लॅप.चं झेडचं बटण निखळलेलं आहे, म्हणून डावं पातं शिफ्टवर घेतलं. उजवं मूळच्याच जागी, तिरक्या रेघेच्या बटणावर. मी खेळून पाहिलं. दोन्ही पाती झकास. माझा खेळ भिकार.

आबांना शनिवारी, म. आल्यावर. आज सहावीचा चाचणी पेपर टाइप करायचाय.

शनि., २२ नोव्हें.

लिहावंसं वाटत नाही.

आबा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून येऊन बसले. आई दारात. पहिली गोळी डावीकडे आली, डावं पातं उडालं, आबा हसले. दुसरी उजवीकडे. आबांनी दाबलं. पातं हललं नाही. परत गोळी, परत दाबलं. बोटाचं पेर पांढरं झालं होतं इतकं दाबलं. नाही. आणखी एकदा. नाही.

मग हाताकडे बघितलं. दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसं.

"ऱ्हाऊ द्या. मशीन चांगलं हाय. माझ्याच हातात दम न्हाई."

उठून आत गेले. दार लोटलं. जेवले नाहीत. मीच हे आणून त्यांच्यापुढे ठेवलं. चेंडू तरी बरा होता, तो 'नाही' म्हणत नव्हता.

रवि., २३ नोव्हें.

खेळ काढूनच टाकावा म्हणून बसले. त्याआधी रागारागात एक डाव. डावं उडालं. उजवं नाही. माझ्या धडधाकट बोटानं नाही!

पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं तर 'मराठी'. गुरुवारी याच लॅप.वर पेपर टाइप करताना मराठी कीबोर्ड लावला होता, तो तसाच राहिला. तिरक्या रेघेच्या बटणावर मराठीत 'य' येतो. आबा जीव तोडून दाबत होते आणि तिकडे खेळाला 'य' जात होता. शिफ्ट दोन्ही भाषांत शिफ्टच, म्हणून डावं चाललं. देवा रे. कोपऱ्यात टिचकी मारून इंग्रजी केलं, उजवं पातं टणकन उडालं.

पळत आत गेले. "आबा, तुमचा हात नाही, माझी चूक!" सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला.

"समजूत काढून ऱ्हायलीस. लई चांगली हाईस तू."

दिवाळीपर्यंत बोटं चालतील, असं आम्ही सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. चेहरा छान दिसतोय, काल मूठ जास्त वळली, रोज काहीतरी गोड गोड. आता पहिल्यांदा खरं सांगतेय तर तेही त्याच डब्यात पडलं. शपथा घेतल्या. म.नेही घेतल्या. "हाव, हाव," म्हणाले आणि कुशीवर वळले.

म. बस धरायला गेला तेव्हा मला रडू आलं. आईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा काहीतरी शिजत असतं.

सोम., २४ नोव्हें.

शाळेतून आले तर आई आबांशी भांडत होत्या. दोघंही जोरात. कानाला बरं वाटलं.

"आवं, बैल मागं ऱ्हायला लागला की काय करता तुमी? इकडचा तिकडं जुंपून बघता का न्हाई? दोष बैलात हाय का जुवात, कळाया नगं? मंग ह्या हाताला बिन बघताच कामून हाकलून द्यायलाव?"

आबा : "बैलाचं येगळं हाय."
आई : "काय येगळं हाय? उठा."

उठले! चाळीस वर्षांत आईंचं 'उठा' कुणी टाळलं असेल असं वाटत नाही.

मी मुद्दाम परत मराठी लावलं. आबांनी डावा हात, धडधाकट हात, उजव्या बटणावर ठेवला. गोळी आली, दाबलं. पातं हललं नाही. परत दाबलं, ठोसा मारल्यासारखं. नाही.

आबा माझ्याकडे बघायला लागले. मी कोपऱ्यात टिचकी मारली. "आता दाबा." टण. उडालं.

मग आबांनी डावा हात काढून मांडीवर ठेवला आणि उजवा उचलून बटणावर आणून ठेवला. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. तिसरीला बोट वाकलं, उशिरा वाकलं, गोळी तोवर खाली निघून गेली होती. पण पातं उडालं. रिकामंच उडालं, वर, आणि खाली आलं.

"उठलं की," आबा म्हणाले.

आई पदरानं नाक पुसत, "मशीनच बोगस हाय."

शनि., २९ नोव्हें.

रोज दोन वेळा. उजवीकडून गोळी अजून बहुतेक पडतेच. दहात तीन-चार अडवतात. बोट वाकतं, पण विचार करून वाकतं. मॅडम येऊन बघून गेल्या, चेंडूचा विषय काढला नाही. त्यांना विचारलं, पूर्ण येईल का? "सांगता येत नाही," म्हणाल्या. हे आबांना जसंच्या तसं सांगितलं. गोड करून नाही. मान हलवली. "हे बरं सांगितलंस."

दुपारी आईंना एकटीनं खेळताना पकडलं. आबांपेक्षा दुप्पट गुण. मी कुणाला सांगणार नाही, या अटीवर मला दोन बेसनाचे लाडू.

म.नं लातूरच्या ऑफिसात सांगितलंय, बायकोनं लिनक्सवर विंडोजचा खेळ चालवला. नाव बायकोचं घेतलं! नोंद करून ठेवते, पुढे भांडणात उपयोगी.

रवि., ७ डिसें.

दुपारी ताटं वाढत होते. आबांचं ताट घेऊन आत निघाले तर आबाच दारात. "हितं मांड." म. आणि आईंच्या मधे येऊन बसले.

वरणभात. उजव्या हातानं घास केला. अर्ध्या वाटेत सांडला, सदऱ्यावर. आई काही बोलणार होत्या, मी त्यांचा गुडघा दाबला. दुसरा घास, तोंडापर्यंत गेला. तिसरा सांडला. मग आबांनी उजवा हात पुसला, मांडीवर ठेवला आणि आमच्यासमोर, मान खाली न घालता, डाव्या हातानं बाकीचा भात संपवला. दुसऱ्यांदा वाढून घेतला. मी पाणीच पीत राहिले.

आबा हात धुताहेत तोच सुमनआत्यांचा फोन. पुढच्या रविवारी लग्न, त्या आता आशा सोडून नुसती खुशाली विचारतात. मी घ्यायच्या आत आबांनी फोन उचलला.

"सुमन, मामाचा फेटा कोन्या रंगाचा घ्यायलाव?"

तिकडून आत्या काय म्हणाल्या ऐकू आलं नाही. बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. म. ताटातल्या मिठाकडे बघत बसला होता, आई भिंतीकडे.

"मी येतो म्हनलो का? रंग इचारलो फक्त," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

मग माझ्याकडे वळून, "बघत काय बसलीस? लाव ते मशीन."